घरी राहिलेली कवळी

आमचं कवळ्यांचं दुकान आहे. नवरा कवळ्या करतो. मी हिरड्यांच्या ठशाची पावडर कालवते, मेण वितळवते, गिऱ्हाइकापुढे आरसा धरते आणि त्याची गाऱ्हाणी ऐकून घेते. माझे समोरचे दोन दातसुद्धा नवऱ्यानेच केलेले आहेत. लहानपणी झोपाळ्यावरून तोंडावर पडले होते. मोठी झाल्यावर दात बसवून घ्यायला त्याच्या दुकानात गेले आणि आमचं तिथेच जमलं. ही गोष्ट सासरी कुणाला कळता कामा नये, एवढीच अट मी लग्नाआधी घातली होती. माणूस विसराळू आहे, पण ही अट त्याने पाळली.

वादळाच्या दिवशी उजाडायच्या आतच भोंग्याची गाडी गल्लीत फिरली. समुद्र आत येणार, असाल तसे निघा, टेकडीवरच्या शाळेत जा. वारा तेव्हाच पत्रे वाजवायला लागला होता. मी अंगात आल्यासारखी घरभर फिरून सामान भरत होते. औषधं, कागदपत्रं, पांघरुणं, सासऱ्यांचा चष्मा, सासऱ्यांचा रेडिओ. नवरा तेवढ्यात दुकानात जाऊन आला आणि टेम्पोत खोक्यांवर खोकी चढवायला लागला. मला वाटलं, यंत्रं असतील. उघडून बघते तर गिऱ्हाइकांचे साचे. गावभरच्या लोकांच्या हिरड्या, पांढऱ्या प्लास्टरमध्ये, प्रत्येकीवर नाव घातलेलं.

"अहो, हे धोंडे कशाला? माझं शिलाई मशीन घ्या आधी."

"लागतील," तो म्हणाला.

मशीन राहिलं. शाळेत पोहोचेपर्यंत मी त्या खोक्यांकडे पाठ करून बसले.

दिवसभर हॉलची दारं धडधडत होती. कुणीतरी बाकं लावून ती दाबून धरली होती. मला एका जागी बसवेना. या खिडकीतून त्या खिडकीत जायचं, पांघरुणाच्या घड्या मोडायच्या, परत घालायच्या, असं माझं चाललं होतं. फिरता फिरता लक्षात आलं, की हॉलमधली झाडून सगळी म्हातारी माणसं तोंडाला रुमाल नाहीतर पदर लावून बसलीत. थंडी वाजत असेल, घाबरली असतील, असं वाटलं. मग पाव वाटायला आले. कुणी हात लावेना, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहाटेची वेळ. सगळ्यांचे दात उशाशी पाण्याच्या वाटीत होते आणि वाट्या तिथेच राहिल्या होत्या.

नवऱ्याने खोक्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'बघ, म्हणालो नव्हतो?' असं काही तो बोलला नाही. बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. मला हसू फुटणार तेवढ्यात सासऱ्यांकडे लक्ष गेलं. त्यांनीही मफलर नाकापर्यंत ओढून घेतला होता. कवळ्यांवर जगणारं घर आमचं, आणि दिव्याखालीच अंधार.

बाबा, म्हणजे माझे सासरे, बस डेपोत उद्घोषक होते. कोणती गाडी कुठे लागली हे त्यांच्या आवाजात ऐकतच हे गाव मोठं झालं. गाड्या उशिरा सुटायच्या, पण बाबांची घोषणा वेळेवर व्हायची, असं लोक अजून म्हणतात. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. घरात चहासुद्धा ते दोनदा मागायचे. पण दात लावल्याशिवाय ते कधी माझ्यासमोर आले नाहीत. त्यांची वाटी त्यांच्या खोलीत पडद्यामागे असायची आणि सुनेने तिकडे जायचं नाही, हे न सांगता ठरलेलं होतं. त्यामुळे त्या पहाटे मी धरून चालले, की दात त्यांच्या तोंडात आहेत. आणि पिशवी मी भरली म्हणून ते धरून चालले, की दात पिशवीत आहेत.

त्यांचा साचाही खोक्यांत नव्हता. 'माझ्या हिरड्या दुकानात चारचौघांसमोर मांडू नकोस,' असं त्यांनी लेकाला बजावलं होतं, म्हणून तो घरच्या कपाटात कपड्यांखाली ठेवलेला होता.

वादळ ओसरल्यावर आम्ही खाली उतरलो. घराचं छप्पर शेजारच्या अंगणात पडलं होतं. कपाट आडवं झालं होतं आणि साच्याचा नुसता पांढरा चुरा उरला होता. वाटीचा पत्ताच नव्हता. दुकानात गुडघाभर गाळ होता, पण झाकणांचे डबे, कवळ्या शिजवायच्या लोखंडी पेट्या आणि मेणावर चिकटवलेले दातांचे संच वाचले होते. ते काढताना नवरा घसरला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. जन्मभर दुसऱ्यांसाठी प्लास्टर कालवणाऱ्याच्या हाताला आता दुसऱ्याने प्लास्टर घातलं.

म्हणून सगळं काम माझ्यावर आलं. मुक्काम अजून शाळेतल्या शिबिरातच होता; तिथल्या स्वयंपाकघरामागे आम्हाला एक शेगडी मिळाली. तो स्टुलावर बसून सांगायचा आणि मी करायची, चुकले की चिडायचीही मीच. वाचलेल्या साच्यांवरून एकेक कवळी तयार होऊ लागली. पहिली शिंपीणकाकूंची. दात बसल्याबरोबर त्यांनी पावाचा तुकडा तोडला, चावला आणि गाळ काढायला उशीर करणाऱ्या माणसांना जाऊन असं झापलं, की त्यांच्या गल्लीचा रस्ता दुपारपर्यंत मोकळा झाला. बेकरीवाले आजोबा दात आल्यावर भट्टी लावायच्या मागे लागले. ज्याचं तोंड परत यायचं तो भांडायला आणि कामाला लागायचा. हे बघून मला बरं वाटायचं, आणि लगेच बाबांची आठवण होऊन जीव खालीवर व्हायचा.

बाबा बोलत नव्हते, खात नव्हते. बिस्किट पाण्यात बुडवून दिलं तरी मफलर खाली करावा लागेल म्हणून मान हलवायचे. त्यांना साखरेचा त्रास होता; गोळ्या चालू आणि पोट रिकामं. एकदा पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसले. शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की जेवण सुरू झालं नाही तर त्यांना लांबच्या इस्पितळात पाठवावं लागेल, आणि या वयात तो प्रवास सोसेल असं त्यांना वाटत नव्हतं. त्यात शाळेच्या भोंग्यावर जो माणूस सूचना द्यायचा, तो अर्धे शब्द गिळायचा. पाण्याच्या रांगेतले लोक पांघरुणाच्या रांगेत उभे राहायचे. ते ऐकताना बाबांची बोटं गुडघ्यावर अस्वस्थ नाचायची.

नवा साचा करायचा तर ठसा घ्यायला हवा, ठशासाठी तोंड उघडायला हवं. नवऱ्याने डाव्या हाताने करून पाहिलं. ठशाचा लगदा घशाकडे गेला, बाबांना उमासे आले, आणि त्यांनी त्याचा हात ढकलून दिला. उरले मी. मला बघितलं की ते भिंतीकडे तोंड करत.

त्या दुपारी मी त्यांना एका रिकाम्या वर्गात नेलं. नवरा दाराशी थांबला. मी पावडरीचा डबा बाकावर ठेवला. त्यांनी मफलर आणखी वर ओढला आणि नको म्हणून हात हलवला. मला इतका राग आला, की तो डबा भिंतीवर फेकावासा वाटला. मी यांच्या दाराशी इतकी वर्षं मान खाली घालून वावरले, आणि हे उपाशी राहून मरतील, पण माझ्यासमोर तोंड उघडणार नाहीत. रागाच्या खाली नुसती भीती होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी माझे दोन दात काढले आणि त्यांच्यासमोर बाकावर ठेवले.

"बाबा, हे बघा. लग्नाच्या आधीपासूनचे आहेत."

फटीतून वारा जात होता, शब्द बोबडे येत होते. लाजेने माझे कान तापले आणि डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी चष्मा लावला. माझ्या तोंडाकडे बघितलं, दातांकडे बघितलं, परत तोंडाकडे. मग हळूच मफलर खाली केला. त्यांचे गाल आत गेले होते, चेहरा कुणा परक्याचा वाटत होता. वादळानंतर ते पहिल्यांदा बोलले.

"एक पिवळट, एक पांढरा," ते लेकाला म्हणाले. "रंग तरी नीट जुळवायचा होतास."

आणि त्यांनी तोंड उघडलं. मी लगदा कालवला, आणि ठसा पहिल्याच वेळी स्वच्छ आला.

कवळी बसवल्यावर बाबांनी आधी पाव खाल्ला, कडेसकट. मग उठले, भोंग्याच्या खोलीत गेले आणि त्या माणसाला बाजूला बसायला सांगितलं. मी शेगडीपाशी पावडर कालवत होते. अंगणातला गलका एकदम थांबला. गावाच्या ओळखीचा आवाज होता तो.

"लक्ष द्या. ज्यांच्या कवळ्या वादळात घरी राहिल्या, त्यांनी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी यावं. लाजायचं कारण नाही, माझीही राहिली होती." मधे श्वास घेतला. "ठसा आमच्या सूनबाई घेतात. त्यांचा हात हलका आहे."

माझ्या दोन दातांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

"पुन्हा एकदा सांगतो," भोंगा म्हणाला, "सूनबाईंचा हात हलका आहे."

मी ऐकत उभी राहिले आणि वाटीतली पावडर घट्ट झाली. ती टाकून मला नवीन कालवावी लागली.