दाराशेजारचा एक सांधा

दचकू नका, मी भिंत बोलतेय. खरं तर दचकते मीच. फाटक वाजलं तरी.

इंग्लंडात, ग्लॉस्टरशायरमधल्या एका दगडी घराची मी पश्चिमेकडची भिंत. वारापाऊस पहिला माझ्याच अंगावर येतो. मागच्या टेकडीतूनच माझे मधाच्या रंगाचे दगड काढले, चुन्यात बसवले. आत शिरलेलं पाणी चुन्यातून हळूहळू बाहेर पडायचं. तीनशे वर्षं मी असाच श्वास घेतला.

मग घरमालक गार्नेट पेग्लरनं माझ्या दगडांमधले सांधे नव्यानं भरले. आजारी होता, तरी शेवटच्या उन्हाळ्यात शिडीवर चढून एकेका सांध्यात त्यानं सिमेंट भरलं. "माझ्यामागे थर्झाला वारा लागायला नको," म्हणायचा. थर्झा, त्याची बायको, खालून चहा द्यायची. दाराशेजारच्या ओल्या सांध्यात त्यानं अंगठा दाबला, आणि हिवाळ्याआधीच गेला.

थर्झा येता-जाता तिथं बोट टेकवायची. मी मात्र गुदमरत होते. सिमेंटमधून पाणी बाहेर पडेना; ओल आत कोंडली, तुळईचं टोक मऊ पडलं, थर्झाला खोकला लागला.

तिच्या शाळेतला सोबती टफ्ली, आता म्हातारा गवंडी, मला ठोकून म्हणाला, "खोकला तुझा नाही गं, भिंतीचा आहे."

"मग औषध तिला दे."

"हे सिमेंट काढावं लागेल."

"चाळीस वर्षं टिकेल म्हणाला होता तो."

"टिकेल की! तीच तर पंचाईत आहे."

"हात लावून बघ, शिडीच ओढते खालून."

त्या थंडीत माझ्यातलं पाणी गोठलं आणि दगडाची तळहाताएवढी खपली पायरीवर पडली. थर्झानं ती उचलली. मग तिनं टफ्लीला फोन केला.

छिन्नीच्या पहिल्या घावाला मी केवढी दचकले! पण उन्हाळाभर टफ्लीनं जपून सिमेंट काढलं, पुन्हा चुना भरला. नवा चुना सुकू नये म्हणून थर्झा माझ्यावर टांगलेल्या गोणपाटावर झारीनं पाणी घालायची, गार्नेटची माफी मागितल्यासारखं काहीबाही पुटपुटायची. शेवटी टफ्ली दाराशेजारच्या त्या सांध्यापाशी आला.

"एवढं राहू दे," ती म्हणाली.

"तिथं पुन्हा ओल धरेल, बाई."

"धरू दे. हातभर जागेत खोकेल भिंत. मी नाही का खोकत?"

गेल्या पानगळीत तीही गेली. आता फाटकावर विक्रीची पाटी आहे. धुराड्यात कावळ्यांनी काटक्या भरल्यात. कधीतरी माणसं येतात, मला ठोकून बघतात. परवा एकानं त्या सांध्यावर नख मारलं. "हे काढून टाकू." तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

तुम्ही घर घेणार असाल तर घ्या. खिडक्या उघडा, चूल पेटवा. फक्त तो सांधा काढू नका. थंडीत ठणकतो, कबूल. पण ठणकतो तेव्हा कुणीतरी जवळ असल्यासारखं वाटतं.

आणि आत येताना तिथं एकदा बोट टेकवा. खोलगट आहे, बरोबर बसेल.