विक्रम आणि शेवटचं घर

जवाची मळणी उरकली की आमच्या तिघर्मिन गावात शर्यत होते: गावाच्या शेवटच्या घरापासून वरच्या झऱ्यापर्यंत. विक्रम मोडला की बास्सूकाकाच्या चहाच्या दुकानातल्या फळ्यावर नवं नाव चढतं आणि तळाचं पुसलं जातं, कारण जागा दहाच नावांची. यंदा यिद्दरने विक्रम मोडला, आणि तळाला होता माझा बा: हद्दू, १९८८, तेहतीस मिनिटं.

"सोमवारी बाजार भरला की सगळ्यांदेखत पुसतो," बास्सूकाका म्हणाला. "गोगलगाय कुठली! आजची पोरं साडेएकोणतीस मिनिटांत पोचतात."

बा घरी येऊन जेवलाच नाही. माझं डोकंच फिरलं. मी शाळेत गणित शिकवते, ते काही उगाच नाही. सगळ्या वर्षांच्या वेळा मांडून आलेख काढला. जगात कुठेही विक्रम आधी भराभर सुधारतात, मग सुधारणा मंदावते. माणसाच्या पायांना काही मर्यादा आहे की नाही? आमचा आलेख मात्र पायऱ्या पायऱ्यांनी खालीच चाललेला, दमायचं नाव नाही. या हिशेबाने २३०६ साली आमचा गडी निघायच्या आधीच झऱ्यावर पोचणार होता.

"आई, शहाण्णवला काय झालं होतं गं? वेळ एकदम खाली आलीय."

आई पीठ मळत होती. "शहाण्णवला? शेजारच्या मोहाच्या दोन्ही पोरांची लग्नं."

"आणि २००७?"

"त्या वर्षी तर चार! कांदे चिरून चिरून माझे डोळे गेले."

जेव्हा लग्नं, तेव्हा विक्रम. "त्यात काय नवल?" आई म्हणाली. "बायको आली की पुरुष पळायला शिकतोच."

मी हसले आणि मग कपाळावर हात मारला. लग्न झालं की नवं घर. खालच्या बाजूला कडा, म्हणून घर नेहमी झऱ्याच्या बाजूला. आणि शर्यत शेवटच्या घरापासून! पोरं कसली वेगवान, शर्यतच आखूड होत चालली होती, आणि इतक्या वर्षांत एकाही शहाण्याच्या ते लक्षात आलं नव्हतं.

मी सायकलवरून एकेका घरापासून अंतर मोजलं, आईने लग्नांची सालं सांगितली, आणि मी धावत जाऊन बाला गाठलं.

"बा, किलोमीटरमागे तू तीन मिनिटं सव्वीस सेकंद! यिद्दर तीन एकतीस! तुझ्यानंतरचा एकही तुझ्या जवळपास नाही!"

बाने माझं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला. मग तो खाली बसला. "माझ्या आधीचं काढलंस?"

"आधी फक्त बास्सूकाका. एक्क्याऐंशी, चौतीस मिनिटं."

"नको काढू."

पण पेन्सिल चालली होती. पुरे दहा किलोमीटर. तीन चोवीस.

"मला ठाऊक होतं," बा म्हणाला. "माझं लग्न सत्त्याऐंशीचं. पुढच्या वर्षी मी माझ्याच दारातून पळालो. बास्सू निघाला होता ती भिंत पार मागे राहिली होती."

"अरे, पण वही दाखवली तर तुझं नाव राहील!"

"आणि त्याचं वर जाईल! मेलो तरी नाही. त्या माणसाच्या खाली बसण्यापेक्षा पुसलेला बरा."

दोन दिवस मी विनवण्या केल्या, भांडले, रडले. बा ढिम्म.

सोमवारी दुकान माणसांनी फुललं होतं. बास्सूकाका ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढला. त्याचं स्वतःचं नाव गेल्या खेपेला, सहा वर्षांपूर्वी, त्यानेच पुसलं होतं. मी तिथेच होते. तेव्हाही त्याने खूप विनोद केले होते, आणि मग दोन दिवस दुकान बंद होतं. आता फडकं बाच्या नावाजवळ आलं.

"थांब," बा म्हणाला.

"काय रे गोगलगायी?"

बाने माझ्या हातातली वही ओढली आणि फळ्याकडे न बघता, दात खात बोलला, "पोरीने हिशेब केलाय. मी दुसरा. पहिला तू. आजवरच्या सगळ्यांत."

दुकानात कुणी हसलं नाही. बास्सूकाका स्टुलावरून उतरला, वही घेतली, उलटी धरली, सुलटी केली. मी आकड्यावर बोट ठेवलं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

"एकदा सांगितलं ना!"

"हद्दू, पुन्हा सांग रे."

बा ते पुन्हा म्हणाला, या खेपेला जरा मोठ्याने, बाहेरच्या बाजारालाही ऐकू जाईल असं.