साखरपाण्यातली पिल्लं

उलझानआपांना नाही म्हणायची सोय नव्हती. कझाख घरात चहा ओतायचं काम सुनेचं, पण झानीलला दिवस गेल्यावर आपांनी ते स्वतःकडे घेतलं, आणि गावाहून येताना डबाभर झेंत आणला. भाजलेली वरी, त्यात लोणी आणि साखर सढळ हातानं घातलेली. चमचा थेट सुनेच्या तोंडाशी. सासूच्या हातचं परत करायचं नसतं, झालं. झानील मुकाट्यानं आ करायची.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रक्तात साखर वाढलीय, गोड बंद. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

आणि झानीलची नोकरी काय, तर अल्माटीच्या एका संशोधन संस्थेत बेडकांची अंडी साखरपाण्यात वाढवायची. साध्या पाण्यातली पिल्लं शेपट्या हलवायला लागली होती. दाट साखरपाण्यातली मात्र खुजी, पाठीत वाकलेली, पोटं फुगलेली. काहींची डोकी धड झालीच नव्हती. बेडकाचं अंडं वेगळं, बाईचं पोट वेगळं, हे काय तिला कळत नव्हतं? तरी बशीत डोकावताना रोज चोरट्यासारखं व्हायचं. आणि घरी गेली की पुन्हा आ.

एके दुपारी आपा डबा घेऊन प्रयोगशाळेतच हजर झाल्या.

"बघू तरी, माझी सून दिवसभर कसले बेडूक सांभाळते."

झानीलनं खुर्ची दिली. आपांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"ही अशी वाकडी का गं?"

"साखर जास्त झाली."

"कुणी घातली?"

"मीच."

शेजारच्या टेबलावरच्या व्हेराला तेवढ्यात डबा दिसला. व्हेराच्या पोटात काही राहत नाही.

"झानील, गोड बंद केलंय ना तुझं? परवा साखर वाढली म्हणून रडत होतीस."

आपांचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी रोज माझ्या हातानं..." त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "सांगायला काय झालं होतं, पोरी? मी काय तुला खाल्लं असतं?"

सुटायला वाट होती. तुमचा मान राखला, एवढं म्हटलं की भागलं असतं. म्हातारीनं ते मानलं असतं आणि जन्मभर स्वतःला दोष देत बसली असती. शब्द झानीलच्या ओठांवर आलेही, आणि तिची तिलाच शरम वाटली.

"मानबिन काही नाही, आपा. मला आवडायचा. तुम्ही झोपलात की उरलेलाही मीच खायची. सांगितलं असतं तर मिळाला नसता."

आपा चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पुन्हा वाकून बशीत बघत राहिल्या.

"ह्या बिचाऱ्यांना बाहेर पळता येत नव्हतं गं," त्या म्हणाल्या.

झानीलचा हात पोटावर गेला, आणि मग तिला रडू आवरेना.