शेजारचं छप्पर

जोलीन थीसनची मुलाखत मंगळवारी होती. ती पार पडली की इंजिनिअरचा परवाना आणि स्वतःच्या नावाचा शिक्का मिळणार. करंगळीत लोखंडी अंगठी होती, पण ती काय, इंजिनिअरिंगचं कॉलेज संपताना इथे सगळ्यांच्याच बोटात चढते. परवान्याशिवाय स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेणं कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात गुन्हा, आणि जोलीन कायद्याला वचकून राहणारी.

रविवारी दुपारी ती घरी आपल्याच कामाची उजळणी करत बसली होती. गावातल्या जुन्या, बुटक्या सभागृहाला खेटून गेल्या उन्हाळ्यात उंच व्यायामशाळा उभी राहिली. आकडेमोड तिची, नकाशांवरचा शिक्का तिचे वरिष्ठ ओरेस्ट यांचा. परवान्यासाठी तिच्या बाजूने शब्द टाकणार होते तेही ओरेस्टच. नव्या छपरावर बर्फाचा भार किती धरला? तिने स्वतःलाच विचारलं आणि घडाघडा उत्तर दिलं. मग सहज मनात आलं, आणि जुन्यावर?

उंच भिंत उभी राहिली की वारा बर्फ आणून तिच्या आडोशाला, म्हणजे शेजारच्या बुटक्या छपरावर रचत बसतो. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. आणि तिने जुन्या छपराकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कालपासून वारा नुसता घोंघावत होता.

ओरेस्ट गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेलेले. फोन उचलेनात. तिने निरोप ठेवला आणि सभागृहाची देखभाल करणाऱ्या डार्सीला फोन लावला. त्याच्या मागे सभागृहात बिंगोच्या खेळाचे आकडे पुकारले जात होते.

"डार्सी, छपरावर बर्फ किती आहे?"

"भिंतीपाशी? गाय उभी केली तर शिंगंसुद्धा दिसायची नाहीत," तो हसला. "आणि इथे स्वयंपाकघराचं दार सकाळपासून अडकतंय. थंडीने फुगलंय मेलं."

असल्या कोरड्या थंडीत लाकूड फुगत नाही, आकसतं. दार वरून दाबलं जात होतं.

"सगळ्यांना बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता."

"अगं, उणे तीस आहे बाहेर. निम्म्या आज्या काठी टेकत आल्यात. हे तू इंजिनिअर म्हणून सांगतेयस का?"

"नाही. मला परवाना नाही अजून."

"मग ज्याला आहे त्याला बोलव की."

पुढचं बोललं की ते गावभर होणार आणि मंगळवारवर पाणी पडणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

"त्या छपराचा हिशोब मी करायला हवा होता. मी विसरले. चूक माझी आहे, डार्सी. ते पडेल."

पलीकडे आकड्यांचा पुकारा थांबला. मग माईकवरून डार्सी ऐकू आला. "मंडळी, कोट घाला आणि समोरच्या शाळेत चला. हो डोरीन, तुझा एकच आकडा राहिलाय, माहितेय मला. ऊठ."

जोलीन पोचली तेव्हा शेवटची काठी रस्ता ओलांडत होती. थोड्या वेळाने ओरेस्ट आले, अंगाला मासळीचा वास. त्यांनी दारातूनच वर बॅटरी मारली. भिंतीजवळची तुळई लांबच्या लांब चिरली होती. ते आत गेले नाहीत, तिलाही जाऊ दिलं नाही.

"मंगळवारी मी काय सांगू?" तिने विचारलं.

"हेच."

"मग परवाना नाही मिळायचा."

"नसेल मिळत. शिक्का माझा आहे, पोरी. तपासायचं काम माझं होतं. उद्या मी स्वतः कळवतो. माझा परवाना तरी राहतो का, बघू."

तेवढ्यात आतून कडाडकन आवाज झाला आणि छप्पर बसलं. पांढऱ्या धुरळ्यात काही दिसेना. शाळेच्या पायरीवर डोरीन बिंगोचं कार्ड छातीशी धरून उभी होती.

"डार्सी, आत कोणी आहे का?" जोलीन ओरडली.

"कोणी नाही."

तिने पुन्हा विचारलं. डार्सीने पुन्हा तेच सांगितलं, आणि तिसऱ्यांदाही सांगितलं.