उलट्या बाजूने वाचणारं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं घडीचं भिंग आहे. पितळेच्या तीन पट्ट्या, दोन बिजागऱ्या आणि वरच्या पट्टीत बसवलेली काच. उघडून ठेवलं की मी आपल्या पायावर उभा राहतो, मिटलं की शर्टाच्या खिशात मावतो. माझी गोष्ट खरं तर कारखान्यापासून सुरू व्हायला हवी. पण मला आधी आठवतो तो एक बुधवार, कारण त्या दिवशी काहीच विशेष घडलं नाही.

सकाळी ठकू नवा स्कार्फ गळ्यात अडकवून ऑफिसला निघाली होती. अप्पा, म्हणजे तिचे वडील, खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

"इकडे ये बघू," म्हणत त्यांनी स्कार्फचं टोक उलटं केलं आणि मला त्यावर ठेवलं. "लोकर म्हणून विकलाय का तुला?"

"शुद्ध लोकर, अप्पा. लेबल आहे."

"लोकरीशी याची नुसती तोंडओळख आहे."

"माझी बस जाईल!"

"जा, जा. दिसतो मात्र झकास."

ती हसत जिना उतरली. दिवसभर अप्पांनी वर्तमानपत्र वाचलं, कुंड्यांना पाणी घातलं. संध्याकाळी दोघं टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडत जेवले. मग अप्पांनी मला मिटून खिशात ठेवलं आणि शर्ट खुंटीला लावला. दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत. झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा.

आता माझा जन्म. एका लहानशा कारखान्यात मला कापून, घासून, काच बसवून तयार केलं आणि कापडाच्या गिरणीत पाठवलं. तिथल्या तपासणी खात्यात अप्पा नवीन होते. कापडावर मला ठेवायचं आणि माझ्या खालच्या पट्टीतल्या चौकोनी खिडकीत दिसणारे उभे-आडवे धागे मोजायचे, हे आमचं काम. त्यांच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आधी उलटी बाजू बघ. सुलटी बाजू गिऱ्हाईक बघतंच." अप्पांनी ते असं मनावर घेतलं की पुढे जन्मभर ते सगळंच उलटं करून बघू लागले. गालिचे, पडदे, जावयाने आणलेला कोट. एकदा निघायच्या बेतात असलेल्या मालात आम्ही मोठा दोष पकडला, तेव्हा साहेबांनी मला सगळ्या खात्यासमोर उंच धरलं होतं. त्या दिवशी माझं पितळ सोन्यासारखं चमकत होतं, असं मला तरी वाटलं.

मग धागे मोजणारी यंत्रं आली. अप्पा निवृत्त झाले आणि मी कपाटाच्या खणात गेलो. सुकलेली पेनं, रबरबँड आणि कुठल्याच कुलपाची नसलेली किल्ली, असा शेजार होता. माझ्या बिजागऱ्यांवर हिरवट थर चढला. कुणी खण उघडला तरी माझ्यासाठी उघडत नसे.

ठकूची आई गेली. अप्पा काही दिवस थोरल्या मुलाकडे राहिले. मग परदेशात राहणाऱ्या ठकूने तिकीट पाठवलं. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. "थोडे दिवस या," ती म्हणाली. सामान भरताना अप्पांनी मला खणातून काढलं, चिंच लावून घासलं आणि चष्म्याच्या डबीत टाकलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

थोड्या दिवसांचे महिने झाले. त्या देशात जास्त राहायचं तर परवाना लागे, आणि परवान्यासाठी आरोग्य विमा. अप्पांना रक्तदाब होता आणि एक गुडघा कुरकुरत होता. ठकूने ओळखीच्या एका विमावाल्या बाईंकडून वेगवेगळ्या कंपन्यांची माहितीपत्रकं आणून टेबलावर पसरली. प्रत्येकाच्या वरच्या पानावर समुद्रकिनारी धावणारे म्हातारा-म्हातारी होते.

"या वयात एवढं धावले तर विमा लागणारच," अप्पा म्हणाले. त्यांनी पहिलंच पत्रक उलटं केलं, शेवटचं पान काढलं आणि मला त्यावर उभं केलं.

मित्रांनो, तीच माझी दुसरी नोकरी. काय काय मिळेल ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात होतं. काय मिळणार नाही ते शेवटी, मुंगीच्या अक्षरात. आम्ही तिथून वाचायला लागलो. एका कंपनीत आधीपासूनच्या आजाराला दोन वर्षं काहीच मिळत नव्हतं. दुसरीच्या यादीतलं हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. तिसरी सत्तरीनंतर हात वर करत होती. ठकू मोठ्याने वाचायची, अप्पा माझ्यातून पडताळायचे, आणि संध्याकाळ कशी सरायची ते कळायचं नाही. त्या टेबलाशी मी फार सुखात होतो.

शेवटी दोनच विमे उरले. एक इथे राहणाऱ्यांचा. आजार कोणताही असो, उपचार याच शहरात, आणि हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर. दुसऱ्यात मोठं काही निघालं तर पेशंटला विमानाने मायदेशी नेऊन तिथे उपचार. विमा कुठला घ्यायचा हा प्रश्न वरवरचा होता. खरा प्रश्न होता, अप्पा राहणार कुठे? थोरला दर रविवारी फोनवर म्हणायचा, "या की आता परत. लेकीकडे किती दिवस पाहुणचार घेणार?"

आणि या घराची रीत अशी की 'मला हवं' असं कुणी म्हणतच नसे. अप्पांना चहाची तल्लफ आली की ते म्हणत, "ठकू, दमलीस, चहा घेतेस का?" ठकूला फिरायला जायचं असलं की ती म्हणे, "अप्पा, तुमचे पाय मोकळे करायला हवेत." दोघांनाही ते कळायचं आणि दोघंही तसं दाखवत नसत.

विम्याच्या बाबतीतही तेच झालं. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. एका शनिवारी दोन पाकिटं एकदम आली.

"हे काय?" अप्पांनी विचारलं.

"तुमचा विमा. मायदेशी नेणारा. तुम्ही दादाला म्हणालात ना, 'माझा गुडघा तिकडच्याच डॉक्टरला कळतो'."

"अगं, तो फोन ठेवेना म्हणून म्हणालो!"

"आणि हे दुसरं?"

अप्पांनी घसा साफ केला. "त्या विमावाल्या बाईंकडे जाऊन आलो. इथला घेतला. म्हटलं, उद्या काही झालं तर तुला विमानतळावर धावपळ नको."

"माझ्या धावपळीसाठी?"

"मग! तुला ऑफिस असतं."

ठकूने लगेच विमावाल्या बाईंना फोन लावला. त्या इतक्या हसल्या की मला टेबलावर ऐकू आलं. "एका माणसाचे दोन विमे! एक काही दिवसांच्या आत परत करता येईल. कोणता करू?"

ठकूने फोनवर हात ठेवला. "अप्पा, तुमच्या मनात असेल तसं. कोणता ठेवायचा?"

अप्पांनी मला मिटलं, पुन्हा उघडलं. "इथला राहू दे. कुंड्यांना पाणी कोण घालणार?"

"बरोबर," ठकू म्हणाली, आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. भांडी स्वच्छ होती, तरी तिने ती धुतली.

पुढची वर्षं सुखाची गेली. गुडघ्याचं ऑपरेशन त्या जवळच्याच हॉस्पिटलात झालं, बिल परस्पर कंपनीने भरलं, आणि अप्पांनी तिथल्या चादरीचे धागे मोजून नर्सला त्या कापडाची प्रत सांगितली. शेजारपाजारची आपल्यासारखीच दूरदेशी आलेली माणसं विम्याचे कागद घेऊन आमच्याकडे येऊ लागली. अप्पा चुकायचेही. एकदा दातांचा मुद्दा नजरेतून सुटला आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी महिनाभर त्यांना टोमणे मारले.

अप्पा गेल्यावर मी पुन्हा मिटून पडलो. पण खणात नाही, टेबलावर. मित्रांनो, माझ्यासारख्याला फार काही लागत नाही. मऊ फडकं आणि अधूनमधून काम. नीट सांभाळलं तर काच माणसापेक्षा जास्त टिकते. म्हणून घरातली जुनी वस्तू उचलून ठेवताना एकदा उघडून बघा. आणि जुन्या माणसांना जे सांगायचं असेल ते कुंड्यांवर, चहावर ढकलू नका. बारीक अक्षर मला वाचता येतं. न बोललेलं मला वाचता येत नाही.

परवा दुपारी विमावाल्या बाईंचा फोन आला. विम्याचं नूतनीकरण होतं.

"वडिलांचं नाव काढावं लागेल ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हो, काढा."

"आता तुम्ही आणि मिस्टर. मायदेशी उपचाराची सोय घालू? तो कागद पाठवते."

"पाठवा. वाचून सांगते."

फोन ठेवून ठकू खिडकीपाशी गेली. ऊन खुर्चीच्या हातावर आलं होतं. मग ती खुर्चीसमोर खाली बसली आणि कुणी समोर असावं तशी, नेहमीच्या आवाजात बोलली.

"अप्पा, तो मायदेशी नेणारा विमा घेताना मला वाटत होतं, तुम्ही नको म्हणावं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, 'राहा.' कुंड्यांसाठी नाही, कुणाच्या धावपळीसाठी नाही. मला तुम्ही इथे हवे होतात."