अंजनाबाईला सांगा

गळा बाईचा कापायचा आणि बाईलाच सांगायचं नाही, ही रीत कोणत्या शहाण्यानं काढली कोण जाणे. हिरालालही तीच पाळत होता.

त्याच्या बायकोच्या, अंजनाबाईच्या मानेत जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती. रायपूर राजधानी झालं, चौकाचौकात मंत्र्यांच्या पाट्या लागल्या. पण तिथल्या गुढ़ियारी वस्तीतल्या डॉक्टरला गाठ म्हणजे टीबी एवढंच ठाऊक. त्यानं महिनोन्‌महिने गोळ्या चारल्या. गाठ तशीच, गोळ्यांनी लघवी तेवढी लाल झाली. मग तो सुई घालून बघायला निघाला, तेव्हा हिरालालनं त्याचा हात धरला.

"हे नाडीवानी उडून राहिलं ना साहेब, यात सुई काहून घालता?"

मोठ्या दवाखान्यात सर्जन देवश्री मॅडमनी बापलेकाला बाहेर नेऊन समजावलं. मेंदूकडे रक्त नेणारी धमनी मानेत जिथं दुभागते, तिथं ही गाठ धरते. फार थोड्यांना होते. बहुतेक वेळा कॅन्सर नसतो, पण वाढत राहते. काढताना रक्त फार जातं, लकवा होऊ शकतो. आणि आवाजाची नस गाठीला चिकटलेली दिसते. ती गेली तर आवाज बसेल, गिळायला त्रास होईल.

"मम्मी को मत बताना मॅडम, डर जाएगी," लोकेश म्हणाला. हिरालालनंही मान हलवली.

"सही त्यांचीच लागेल," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

बुद्धविहारात वंदना अंजनाबाईच घ्यायची. टँकर आला की तिच्या एका हाकेवर अख्खा पारा, सगळा मोहल्ला, भांडी घेऊन पळायचा. हिरालालचे कान उरला या कारखान्यांच्या भागातल्या लोखंडी रोलिंग मिलनं केव्हाच खाल्ले होते. न ओरडता ज्याचं बोलणं त्याला समजावं असा माणूस जगात एकच उरला होता.

दुसऱ्या दिवशी तो वॉर्डात आला. अंजनाबाई म्हणाली, "ऑपरेशन झालं की पुढच्या पौर्णिमेची वंदना मीच घेईन. विहारातल्या कमलाबाईले सांगून ठेवा."

हिरालाल स्टुलावर बसला. "अंजना, आवाज जाऊ शकते."

"कोनाचा?"

"तुहा."

"कधीपासून माहीत हाये?"

"कालपासून."

"अन् पोट्ट्याले?"

"त्यालेबी."

"म्हंजे गळा माहा, अन् मीटिंग तुमची!"

"तू घाबरशील म्हनून..."

"मी घाबरीन का तुम्ही?"

भट्टीपुढे उभा राहणारा माणूस, पण भरल्या वॉर्डात रडला. "मले दुसऱ्या कोनाचं ऐकूच येत नाही वं."

अंजनाबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि मॅडमला बोलावून घेतलं. नाही काढली तर काय, हात-पाय जातील का, सगळं स्वतः विचारलं. मॅडमनी गोड न करता सांगितलं: न काढता ठेवली, तर वाढून ती त्याच नसा दाबेल.

"काढा मंग," अंजनाबाई म्हणाली. "पन रविवार होऊ द्या."

रविवारी दवाखान्यातून सुट्टी घेऊन तिनं विहारात वंदना घेतली. हिरालाल अगदी पुढे जाऊन बसला होता.

ऑपरेशन लांबलं. मिलमधल्या सोबत्यांनी दिलेलं रक्त सगळं लागलं. गाठ पुरती निघाली, हात-पाय शाबूत राहिले. नस मात्र गाठीत गुरफटली होती. ती वाचली नाही.

शुद्धीवर आल्यावर अंजनाबाईनं तोंड उघडलं, तर नुसती हवा निघाली.

"आवाज़ आ जाएगी मम्मी, थोड़े दिन में," लोकेश म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. नवऱ्याकडे पाहिलं. खोटं हिरालालच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"नस गेली, अंजना. मॅडम म्हनते, सराव केला तर थोडासाक येईल, घोगरा. पहिल्यावानी नाही येनार."

तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. बराच वेळ तिनं त्याचा अंगठा मुठीत धरून ठेवला. मग वाटीकडे बोट दाखवलं. पाणी श्वासनळीत जायची भीती होती, म्हणून नर्सनं घट्ट पेज दिली होती.

"हनुवटी खाली घे," हिरालालनं चमचा पुढे केला. ती गिळायची, तेव्हा रिकाम्या तोंडानं तोही गिळायचा.

"पापा, आप क्यों निगल रहे हो?"

अंजनाबाईचे खांदे हलले. हसताना ठसका लागला. हिरालालनं तिची पाठ धरली, ठसका थांबेपर्यंत थांबला, आणि पुढचा चमचा भरला.