सहदेव धुरींचे एकतीस दात

माझ्या वडिलांनी वयाच्या शहात्तराव्या वर्षी एका निवृत्त विमा अधिकाऱ्याचं बोट चावलं. सात टाके पडले. घटना नाहूरच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये, सकाळी साडेअकराला, ‘निरोगी दात, निरोगी म्हातारपण’ असं लिहिलेल्या फलकाखाली घडली.

आधी दातांबद्दल सांगतो. बाबांच्या, म्हणजे सहदेव धुरींच्या तोंडात एकतीस दात होते. बत्तिसावा, वरचा, अगदी पुढचा, एकोणऐंशी साली गिरणीत गेला. मागावरून धोटा सुटला. दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला लाकडाचा तो तुकडा एरवी आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो, पण सुटला की समोर कोण आहे ते बघत नाही. बाबांनी रक्त थुंकलं, ओठात फडकं कोंबलं आणि पाळी पूर्ण केली. पुढे कुणी त्या फटीबद्दल विचारलं की एकच उत्तर, “माझो पडूक नाय. पाडलो.” त्या जागी खोटा दात त्यांनी कधी बसवला नाही. एक खोटा बसवला की लोक उरलेल्या एकतिसांवर संशय घेतात, असं त्यांचं म्हणणं.

हा दातांचा नाद त्यांना सातव्या वर्षी लागला. मालवणकडच्या गावात आमची आजी दातांना मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड लावायची. चाळिशीच्या आतच तिच्या हिरड्यांतून पू यायला लागला आणि गावच्या न्हाव्याने एका दुपारी पकडीने तिचे नऊ दात उपटले. भूल वगैरे काही नाही. दोन काकांनी खांदे धरले आणि पाय धरायला बाबांना बसवलं. तिने झाडलेली लाथ त्यांच्या छातीत बसली. ते पाय त्यांनी सोडले नाहीत.

पुढे आमच्या घरात दात घासणं हा मारामारीचाच एक प्रकार झाला. सकाळी एकदा, रात्री एकदा, खाल्लं की चूळ, शेवटी बोटाने हिरड्या चोळायच्या. न घासता झोपलं की उठवून मोरीत नेणार, गालात बोट अडकवून तोंड उजेडाकडे फिरवणार. लहानपणी मी अकरा वेळा सणसणीत मार खाल्ला, त्यातल्या नऊ वेळा दातांपायी. आज त्रेपन्नाव्या वर्षी माझे सगळे दात शाबूत आहेत. डाव्या कानाने थोडं कमी ऐकू येतं.

बाबांचा पराभव फक्त आईने केला. सुलक्षणाबाई वीस वर्षं तांदळाच्या डब्यात मशेरीची डबी लपवून होत्या. बाबांना सापडली तेव्हा त्यांनी ती दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून भिरकावली आणि खाली उभ्या असलेल्या शेजारच्या शांताबाईंच्या डोक्यात खोक पडली. पण तोवर आईच्या हिरड्या गेलेल्या होत्या. साठीला तिला कवळी लागली. ती कवळी वाटीत दिसली की बाबा तोंड फिरवतात. आईला ते दिसतं.

तर संघाने स्पर्धा ठेवली. पंचाहत्तरीपुढचे सभासद, ज्याचे नैसर्गिक दात जास्त आणि हिरड्या घट्ट तो पहिला. परीक्षक डॉक्टर स्वरदा, स्टेशनजवळ जिचा दातांचा दवाखाना आहे ती. फेऱ्या दोन. पहिलीत तोंडाची तपासणी, दुसरीत दातांनी ऊस सोलणे. ऊस कोणी सुचवला हे नंतर कुणीच कबूल केलं नाही. वीस कांडी हॉलच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. म्हणजे दंगलीची तयारी संघाने स्वतःच करून ठेवली होती.

पहिल्याच फेरीत, शर्यतीत खरे दोघेच उरले. बाबा आणि नंदकिशोर फणसळकर. फणसळकर विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, संघाचे माजी अध्यक्ष, इस्त्रीचा शर्ट, हातात चार पायांची काठी. दर सहा महिन्यांनी दाताच्या डॉक्टरकडे जाणारा हा आमच्या भागातला पहिला माणूस. त्यांचे दात तीस.

स्वरदाने बाबांच्या तोंडात आरसा घातला, हिरड्या टोचून पाहिल्या आणि म्हणाली, “आजोबा, कमाल आहे. रक्ताचा थेंब नाही. एकतीस.”

फणसळकरांनी माइक घेतला. अध्यक्षपद गेलं तरी माइक त्यांच्याकडेच असतो.

“डॉक्टर, आक्षेप नाही, फक्त शंका आहे,” ते म्हणाले. “मी आयुष्यभर क्लेम तपासले आहेत. गिरणी कामगार, चाळीतलं पाणी, घरात मशेरी. आणि शहात्तराव्या वर्षी एकतीस दात? हल्ली स्क्रू लावून असे बसवतात की सख्ख्या बायकोला कळत नाही.”

“बायकोला कळतं,” पहिल्या रांगेतून आई म्हणाली.

“काका, मी तपासलेत,” स्वरदा म्हणाली. “खरे आहेत.”

“तू अजून लहान आहेस गं. पुढचा दात नाही, तो मुद्दाम ठेवलाय. बाकीचे खरे वाटावेत म्हणून. अशा केसेस आम्ही पाहिल्यात.”

बाबा अजून खुर्चीत, मान मागे, तोंड उघडं. फणसळकर जवळ आले आणि त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट त्या तोंडात घालून वरची दाढ हलवून पाहिली.

तोंड मिटलं.

फणसळकर ओरडले तेव्हा माइक चालू होता, त्यामुळे तो आवाज नाहूर स्टेशनच्या पुलापर्यंत गेला म्हणतात. बाबांनी सोडलं नाही. फणसळकरांनी डाव्या हाताने बाबांच्या कानफटात मारली, एकदा, दोनदा, पाचदा. बाबांचे डोळे शांत होते. मी जबडा उघडायला गेलो तर त्यांनी मला कोपर मारलं. माझ्या बरगडीतून कट्‌ असा आवाज आला. कुणीतरी स्टीलची पाण्याची बाटली बाबांच्या डोक्यात घातली. ती उसळून मारणाऱ्याच्याच कपाळाला लागली.

मग ऊस बाहेर आले. संघात दोन गट होतेच, विषय काय ते नेहमीच दुय्यम असतं. पंचाहत्तर ते शहाऐंशी या वयोगटातले चौदा जण कांड्यांनी एकमेकांना झोडत होते. ऊस लागतो चांगला आणि तुटतो तिरका, त्यामुळे दुसरा फटका पहिल्यापेक्षा वाईट. धोंडिरामकाकांचा चष्मा डोळ्यांवरच फुटला. हृदयाला दोन स्प्रिंगा बसवलेले एक गृहस्थ प्लास्टिकची खुर्ची गरगर फिरवत होते आणि कोणालाच ओळखत नव्हते. फरशीवर रस आणि रक्त मिसळून चिकटा झाला होता. त्यावर घसरून सचिवांचा खुबा मोडला. स्वरदाने शेवटी बाबांचं नाक चिमटीत दाबलं. श्वासासाठी तोंड उघडलं आणि फणसळकरांचं बोट बाहेर आलं. नखापासून पहिल्या पेरापर्यंत सालपट सुटलेलं, आत पांढरं काहीतरी दिसत होतं.

बाबांनी चूळ भरली. खाल्लं की चूळ, हा नियमच आहे.

चार वाजता पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. मी, आई, बाबा. आमच्यापाशी वैद्यकीय दाखला नव्हता, फणसळकरांपाशी होता. बोटाला भलंमोठं बँडेज, डाव्या हातात काठी. स्वरदाही साक्षीदार म्हणून आली होती. हवालदार भाऊराव म्हणजे निवृत्तीला आलेला थकलेला माणूस. दातदुखीने गाल सुजला होता, त्यामुळे विषयात त्यांना रस होता.

“हे बघा धुरीकाका,” ते म्हणाले, “मानवी चावा, खोल जखम. लिहायला बसलो तर कोर्ट आहे, तारखा आहेत. या वयात कोर्टाच्या फेऱ्या मारत बसाल. फणसळकर साहेब मिटवायला तयार आहेत.”

“एका अटीवर,” फणसळकर म्हणाले आणि खिशातून टाइप केलेला कागद काढला.

मी वाचला. ‘मी सहदेव धुरी लिहून देतो की माझ्या तोंडातील दात नैसर्गिक नसून बसवलेले आहेत व स्पर्धेतील विजयावर माझा हक्क नाही.’ बोटाबद्दल एक शब्द नव्हता.

“बोट तुमचं गेलं,” मी म्हणालो, “आणि तुम्हाला हे हवंय?”

“बोट बरं होईल,” फणसळकर म्हणाले. “मी पन्नास वर्षं दातांत दोरा घालून फ्लॉस करतोय, राजेश. रोज. लग्नाच्या दिवशीसुद्धा. आणि दंतमंजन फासणारा माणूस मला एका दाताने हरवतो?”

तेव्हा मला त्यांची थोडी दया आली. बाबांना आली नाही.

“मी सही करूचंय नाय,” बाबा म्हणाले.

“बाबा, कागद आहे हो. कोण वाचणार?”

“मी वाचतलंय.”

“केस होईल. आत टाकतील.”

“टाकूं दे. आत पाणी आसतलाच. ब्रश तेवढो हाडून दी.”

आई बाकावर पुढे सरकली. ती म्हणाली, “अहो, लिवा ना. कवळी म्हंजे काय चोरी आसा? माझ्या तोंडात काय आसा मग?”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता सही करणार. त्यांनी पेन उचललंही. मग ते म्हणाले, “सुलू, तुझे गेले ते माका राखूक येवक नाय. हे राखलंय. खोटा कसा लिवू?” आणि कागद दुमडून, पुन्हा दुमडून, दाढेखाली धरून त्यांनी फाडला. चार तुकडे टेबलावर थुंकले.

फणसळकर उठले. विमा कंपनीत छत्तीस वर्षं आवाज न चढवलेला माणूस. चार पायांची काठी डाव्या हाताने उचलली आणि पोलीस ठाण्यात, हवालदारासमोर, सीसीटीव्हीखाली, बाबांच्या तोंडावर आडवी हाणली. अॅल्युमिनिअमचा पोकळ आवाज आला, त्यात एक भरीव. बाबा बाकावरून कोसळले. फणसळकरांनी दुसरा फटका मारला, तो खांद्यावर बसला. तिसरा माझ्या हातावर. भाऊरावांनी त्यांना मागून कवेत धरलं तेव्हा भाऊरावांच्या सुजलेल्या गालावर फणसळकरांचं डोकं आपटलं आणि सगळ्यात मोठी किंकाळी भाऊरावांची होती.

बाबा गुडघ्यांवर होते. हनुवटीवरून रक्ताची तार लोंबत होती. ते फरशी चाचपत होते. टेबलाखालून त्यांनी काहीतरी उचललं, सदऱ्याला पुसलं, ट्यूबलाइटसमोर धरलं. पुढचा, फटीच्या शेजारचा दात होता. आख्खा. त्याला लांब, पिवळसर, निमुळतं मूळ होतं.

बाबांचा चेहरा उजळला. एवढे खूश ते माझ्या लग्नातही नव्हते.

“मूळ बघा,” ते म्हणाले. शब्दांबरोबर रक्त उडत होतं. “बघ फणसळकर. खोट्या दाताक मूळ आसता?”

फणसळकरांच्या हातातून काठी गळली.

स्वरदा पुढे धावली. “आजोबा, मुळाला हात लावू नका. वरच्या भागाला धरा. राजेशदादा, थंड दूध आणा, पटकन. अर्ध्या तासात दवाखान्यात पोचलो तर परत बसेल हा. खरा दात धरतो.”

मी टपरीवरून ग्लासभर कच्चं दूध आणलं. दात त्यात बुडाला, वर गुलाबी रेघ आली. मी बाबांच्या काखेत हात घातला. ते उठले नाहीत.

“पंचनामो होऊं दे,” ते भाऊरावांना म्हणाले. “लिवा. दात, एक. नैसर्गिक.”

“काका, तो नंतर...” भाऊराव गाल धरून म्हणाले.

“आता लिवा. मुळासकट, असा लिवा.”

“आजोबा, वेळ जातोय,” स्वरदा म्हणाली. “दात हवाय की कागद?”

बाबांनी कागदाकडे बोट दाखवलं.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. टपरीवाला आला, दुसरा मिळेना. मग झेरॉक्सवाला मिळाला तर कार्बन पेपर मिळेना. भाऊरावांचं अक्षर सुंदर, म्हणून सावकाश. काठीची लांबी मोजली. रक्ताचे डाग मोजले. स्वरदा दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती, मग तिने बघणं सोडलं. पन्नास मिनिटं गेली. कलम तीन असं झालं: ‘एक मानवी दात, नैसर्गिक, मुळासह, काचेच्या ग्लासात, दुधात.’ फणसळकरांना पंचांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी सही केली. डाव्या हाताने, वेडीवाकडी.

दोन्हीकडच्या तक्रारी मग एकमेकांना कापून मिटल्या. जाताना फणसळकर दारात थांबले आणि अगदी हळू म्हणाले, “म्हणजे आता तीस-तीस.”

बाबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी मध्ये उभा राहिलो.

घरी आईने दुधात भाकरी कुस्करली आणि ताट बाबांपुढे ठेवलं. तिच्या स्वतःच्या ताटातही तशीच होती. बाबांनी ते बाजूला सारलं आणि टोपलीतली सकाळची कडक भाकरी उचलली. ओठ फाटलेला, हिरडीत खड्डा. त्यांनी ती कडेच्या दातांत धरली आणि ओढली. भाकरीवर लाल कडा उमटत गेली. ते चावत राहिले, आणि आई आपली कुस्करलेली भाकरी तशीच ठेवून तो आवाज ऐकत बसली.